विणकरांची श्रेणी आणि कातणारी

नाशिक शहराच्या दक्षिणेस मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला त्रिरश्मी नावाचा जो डोंगर आहे, आणि ज्याच्या कुशीतील लेण्यांना, पांडवांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नसता, लोक पिढ्यान्‌पिढ्या पांडवलेणी म्हणत आले आहेत, त्या डोंगराच्या पायऱ्या चढून धापा टाकीत आलेला प्रवासी दहाव्या लेण्याच्या ओसरीत पोहोचला म्हणजे बहुधा खांबांवर कोरलेले प्राणी पाहतो, आतल्या गारव्याने सुखावतो आणि भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे एक उडता दृष्टिक्षेप टाकून पुढच्या लेण्याकडे वळतो. त्या अक्षरांत एक हिशेब लिहिलेला आहे. दान, पुण्य आणि मातापित्यांचे कल्याण यांनी आपल्याकडचे कोरीव लेख ओसंडत असल्यामुळे, ज्यात मुद्दल, व्याजाचा दर, ऋणकोचे नाव आणि खर्चाची बाब हे सगळे एखाद्या सावकाराच्या खतावणीसारखे नमूद आहे असा हा लेख वाचताना मनुष्य क्षणभर थबकतो.

हे लेणे उषवदाताचे, म्हणजे संस्कृत नावाने ऋषभदत्ताचे. दिनीकाचा हा पुत्र क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई होता. बेचाळिसाव्या वर्षी, वैशाख महिन्यात, त्याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले (हे वर्ष शककालाचे धरले तर इ. स. १२० येते) आणि तेथे राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी केली. नीवी या शब्दाची गंमत अशी की त्याचा एक अर्थ भांडवल आणि दुसरा कमरेच्या वस्त्राची गाठ. कनवटीला लावलेला पैसा मोडायचा नसतो हे आपल्या आजीला जसे ठाऊक होते, तसे ते संस्कृत भाषेलाही ठाऊक होते असे दिसते. ही रक्कम उषवदाताने राजाच्या खजिन्यात ठेवली नाही, कोणा श्रेष्ठीच्या हवालीही केली नाही. गोवर्धन या गावात, म्हणजे आजच्या नाशिकजवळच्या गोवर्धनात, विणकरांच्या ज्या संस्था होत्या, ज्यांना लेखात ‘कोलिक निकाय’ म्हटले आहे, त्यांपैकी एकीकडे २,००० कार्षापण दरमहा दरशेकडा एक या व्याजाने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने त्याने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यायचा, अशी अट घातली. आणि हा सर्व व्यवहार निगमसभेत ऐकवून, फलकवारात म्हणजे दफ्तरात रीतीप्रमाणे नोंदविला. (कोलिक म्हणजे विणकर. जाळे विणणाऱ्या किड्याला आपण कोळी म्हणतो, संस्कृतातील ‘तंतुवाय’ या शब्दाचेही विणकर आणि कोळी हे दोन्ही अर्थ होतात, तेव्हा या शब्दांचे नाते जोडण्याचा मोह होतो खरा. पण तो व्युत्पत्तिकारांवर सोपवलेला बरा.)

आता हिशेब पाहावा. २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण झाले. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, बारा कार्षापण द्यावेत असे लेख सांगतो. विसाबाराचे दोनशे चाळीस. एक कवडी कमी नाही की जास्त नाही. उरलेल्या १,००० चे वर्षाचे व्याज ९० कार्षापण, ते किरकोळ खर्चासाठी. ज्याने ही आकडेमोड केली त्याला भिक्षूंची संख्या, कापडाचा भाव आणि बाजारातील व्याजाचा दर या तिन्ही गोष्टी मुखोद्गत असल्या पाहिजेत; आणि वस्त्राचा पैसा वस्त्र विणणाऱ्यांकडेच ठेवण्यात त्याने जे औचित्य साधले, ते योगायोगाने साधले असे मला तरी वाटत नाही. दोन दरांतील फरकाचा उलगडा लेखात नाही, पण ज्याची पत मोठी त्याला पैसा स्वस्त मिळतो हा सावकारीचा नियम तेव्हाही असणार.

राजाच्या जावयाने विणकरांवर इतका भरवसा का ठेवावा? याचे एक कारण व्यापाराचे आहे. त्या सुमारास लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, या नगरांहून माल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात नेला जात असे असे सांगितले असून, तगराच्या मालात साध्या कापडाचा आणि नाना जातींच्या मलमलीचा उल्लेख आहे. ज्या प्रदेशातील कापड समुद्रापार जात होते, त्या प्रदेशातील विणकरांना कापूस, सूत आणि रंग यांत गुंतविण्यासाठी भांडवल हवे होते आणि सालिना शेकडा बारा व्याज देऊनही त्यांच्या पदरात काही उरत होते.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते श्रेणी या संस्थेच्या स्वरूपात आहे. एकाच धंद्यातील कारागिरांनी आपले नियम आपण ठरवून, आपला प्रमुख आपण नेमून आणि आपली पुंजी एकत्र करून उभी केलेली जी संस्था, तिला आपल्या शास्त्रकारांनी श्रेणी, पूग, गण, निकाय अशी नावे दिली आहेत. कारागीर मरतो, श्रेणी मरत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात असे सांगितले आहे की श्रेणीचा ज्यांना आधार आहे अशा कारागिरांनीच दुसऱ्याची ठेव घ्यावी आणि त्यांच्यावर आपत्ती आली तर त्या ठेवीची जबाबदारी श्रेणीने उचलावी. हा एकच नियम नीट ध्यानात घेतला म्हणजे गोवर्धनच्या कोलिकांची पेढी कशी चालत होती हे समजते, कारण तेथे पैसा कोणा एका विणकराच्या हातात नव्हता, सगळ्या मागांच्या सामाईक शब्दावर होता. बृहस्पतीने श्रेणीच्या कारभारासाठी दोन, तीन किंवा पाच कार्यचिंतक नेमावेत असे म्हटले आहे. याज्ञवल्क्याने गणाचे द्रव्य हरण करणाऱ्याचे सर्वस्व घेऊन त्याला देशोधडीला लावावे अशी शिक्षा सांगितली आहे. आणि मिळालेल्या कमाईची वाटणी शिकाऊ, जाणकार, कुशल आणि आचार्य यांच्यात एक, दोन, तीन, चार या प्रमाणात करावी अशीही रीत बृहस्पतीने दिली आहे, जी वाचून आजच्या एखाद्या वेतन-आयोगानेही मान डोलवावी.

श्रेणीची ही पत राजांच्या पतीपेक्षा टिकाऊ होती की काय, असा प्रश्न नाशिकच्याच मातीत पडतो. उषवदाताच्या सासऱ्याला गौतमीपुत्र सातकर्णीने बुडविले. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा जो साठा सापडला, त्यातील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. आणि त्याच डोंगरावरील तिसऱ्या लेण्यात, पूर्वी ऋषभदत्ताच्या भोगवट्यात असलेले २०० निवर्तने शेत आता आम्ही भिक्षूंना देतो, असा सातकर्णीचा हुकूम कोरलेला आहे. जमीन आणि नाणे ही दोन्ही राजाच्या हुकमतीतली मालमत्ता, आणि हुकूमत बदलताच ती कशी हात बदलते हे जाणणाऱ्या मुत्सद्द्याने भिक्षूंचे वस्त्र मागावर अवलंबून ठेवले, यात मला त्याची दूरदृष्टी दिसते.

विणकरांच्या श्रेणीचे याहून रसाळ चित्र पाहायचे तर माळव्यात मंदसोरला, म्हणजे प्राचीन दशपुराला, जावे लागते. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशमी वस्त्रे विणणाऱ्यांची एक अखंड श्रेणी मुलाबाळांसह आणि आप्तेष्टांसह उठून दशपुरास आली आणि तेथे स्थिरावल्यावर, कुमारगुप्ताच्या साम्राज्यात बंधुवर्मा दशपुरावर राज्य करीत असता, मालव संवत ४९३ म्हणजे इ. स. ४३६-३७ मध्ये, आपल्या कमाईतून तिने सूर्याचे एक उंच देवालय बांधले. पुढे त्या देवालयाचा काही भाग पडला तेव्हा संवत ५२९ मध्ये त्याच श्रेणीने त्याचा जीर्णोद्धार केला. दोन तारखांमध्ये छत्तीस वर्षे गेली, बांधणारे बहुतेक गेले असतील, पण बांधणारी श्रेणी दुरुस्तीला हजर होती. वत्सभट्टी नावाच्या कवीने रचलेल्या या लेखात एक लक्षणीय गोष्ट नमूद आहे: दशपुराला आल्यावर त्या विणकरांपैकी काहींनी धनुर्विद्या धरली, काही कथाकार झाले, काही ज्योतिषी, काही रणशूर, आणि काही आपल्या मूळ धंद्यातच राहिले, तरी श्रेणी एकच राहिली. धंदा सोडल्याबरोबर मनुष्य संस्थेतून गळत नव्हता. आणि तारुण्य व रूप यांनी संपन्न असलेली स्त्रीही रेशमी वस्त्रांची जोडी नेसल्यावाचून प्रियकराला भेटायला जात नाही, अशा आशयाचा जो श्लोक त्या लेखात आहे, तो देवळाच्या भिंतीवर कोरलेली जाहिरात आहे असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

मध्ययुगीन युरोपातही अशा विणकर-संस्था होत्या. लंडनच्या विणकरांना दुसऱ्या हेन्री राजाने ११५५ साली दिलेली सनद तेथील सर्वांत जुन्या सनदांत गणली जाते. तिकडच्या इतिहासात येथे शिरण्याचे कारण नाही. महाराष्ट्रापुरते एवढे सांगणे अवश्य आहे की आपल्या गावगाड्यात विणकराची जागा नेहमीच थोडी बाहेरची राहिली. सुतार, लोहार, चांभार, कुंभार हे बलुतेदार, त्यांचा हक्क गावच्या खळ्यावर. साळी आणि सनगर यांची गणना फार तर अलुतेदारांत. शेतकऱ्याला नांगराचा फाळ हंगामोहंगाम लागतो, पण लुगडे काही दररोज लागत नाही, म्हणून विणकराचा पाय गावापेक्षा पेठेकडे ओढला गेला. पेठ वसविणाऱ्या सरकारनेही नव्या वस्तीला कौलनामे देऊन, काही वर्षे पट्टी माफ करून, कारागिरांना बोलावून घ्यावे आणि शेटे-महाजनांनी त्यांची जामिनकी पत्करावी, हा पेशवाईतील परिचित शिरस्ता होता. खळ्यावर ज्याचा वाटा नाही त्याला आपल्या बिरादरीवाचून दुसरा आधार नव्हता, आणि साळी-कोष्ट्यांच्या जातपंचायतीत जुन्या श्रेणीचे जे अवशेष राहिले, ते या गरजेनेच राहिले.

येथपर्यंत विणकराची कथा झाली. पण विणकर ज्या सुतावर बसतो ते सूत कोणी काढले, हा प्रश्न मी मुद्दामच मागे ठेवला होता, कारण नाशिकच्या लेखात त्याचे उत्तर नाही, मंदसोरच्याही नाही. कापसातून सरकी काढून, तो पिंजून, पेळू करून, चातीवर त्याचा तार ओढण्याचे काम घरोघरच्या स्त्रिया करीत, आणि त्यांची श्रेणी कोठेही नव्हती. अर्थशास्त्रात त्यांच्यासाठी आहे तो एक सरकारी अंमलदार, सूत्राध्यक्ष. विधवा, अपंग स्त्रिया, कुमारिका, संन्यासिनी, दंड श्रमाने फेडणाऱ्या स्त्रिया, गणिकांच्या वृद्ध माता, राजवाड्यातील म्हाताऱ्या दासी आणि देवळाच्या सेवेतून सुटलेल्या देवदासी, यांच्याकडून त्याने सूत कातवून घ्यावे. ही यादी वाचली म्हणजे ज्यांना दुसरा कोणताही आश्रय नाही त्यांची ही मोजदाद आहे हे उघड होते. सूत तलम, मध्यम की जाडे हे पाहून मजुरी ठरवावी. जास्त काढणारीला तेल आणि आवळकाठीची उटी बक्षीस द्यावी. ज्या घराबाहेर पडत नाहीत त्यांच्याकडे दासी पाठवून काम पोचवावे. ज्या पहाटे स्वतः सूत्रशाळेत येतील त्यांच्याशी देवघेव करताना दिवा असावा तो सूत पाहण्यापुरताच. त्या उजेडात बाईच्या चेहऱ्याकडे पाहणाऱ्या किंवा अवांतर बोलणाऱ्या अधिकाऱ्याला दंड, आणि मजुरी द्यायला उशीर करणाऱ्याला त्याहून मोठा दंड. कौटिल्याची ही नजर विलक्षण आहे. परंतु त्याच प्रकरणात, मजुरी घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीला अंगठ्याच्या चिमट्याची शिक्षा सांगितली आहे, म्हणजे ज्या दोन बोटांत तार धरायचा त्याच बोटांवर घाला. विणकर आणि सरकार यांच्यात करार होतो, विणकराचा शब्द श्रेणीच्या जामिनावर चालतो. कातणारीच्या बाजूला मात्र एक दिवा आणि एक दंड एवढेच.

विणकराच्या सुतावरही पहारा होताच. दहा पळे सूत दिले तर अकरा पळे कापड परत यावे असे कौटिल्य आणि मनू दोघेही म्हणतात. याज्ञवल्क्य जाड्या सुताला शंभरात दहा, मध्यमाला पाच आणि तलमाला तीन पळे वाढ धरतो. ज्याने कधी पांजणी पाहिली आहे त्याला याचे कोडे पडणार नाही, कारण ताण्याला भाताची खळ चढते आणि तिचे वजन कापडात येते. इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या शास्त्रकारांनी कातण्यास लागणाऱ्या वेळाचा हिशेब मात्र कोठे मांडलेला दिसत नाही. तो आपण मांडून पाहू. नऊ वार लांब आणि पंचेचाळीस इंच पन्ह्याचे, इंचाला चाळीस उभे आणि चाळीस आडवे धागे असलेले साधे सुती लुगडे घ्यावे. ताण्यात १,८०० धागे, प्रत्येक नऊ वार, म्हणजे १६,२०० वार. बाण्यातही जवळजवळ तेवढेच. एकूण ३२,००० वारांहून अधिक सूत. चांगला हात बसलेली बाई चरख्यावर ताशी साडेतीनशे-चारशे वार काढते. म्हणजे एका लुगड्यासाठी सुमारे ऐंशी ते नव्वद तास, आठ तासांचा दिवस धरला तर दहाअकरा दिवस; पिंजण्याचा आणि पेळू करण्याचा वेळ यात धरलेला नाही. विणकर तेवढे कापड दोन-तीन दिवसांत मागावरून उतरवतो. एका मागाला चार-पाच चरखे लागतात ते यामुळे, आणि कापडाच्या श्रमाचा मोठा वाटा जिच्याकडे, तिचेच नाव कोणत्या शिलालेखात नाही तेही लक्षात येते.

असे का व्हावे? कातणाऱ्यांत कौशल्य कमी होते हे कारण पटण्यासारखे नाही. ढाक्याच्या मलमलीचे सूत ज्या बोटांनी काढले ती बोटे कोणाही विणकराच्या बोटांपेक्षा कमी कसबी नव्हती. श्रेणीला तीन गोष्टी लागतात: धंद्याच्या दाराला कडी, बसायला एक जागा आणि सामाईक पुंजी. विणकराला माग हवा, फणी हवी, वही हवी, धोटा हवा, आणि वर्षानुवर्षांची उमेदवारी. म्हणून धंद्यात कोण येतो यावर त्याला कडी घालता येते. कातणारीची चाती चार पैशांची, काम चुलीच्या आणि पाळण्याच्या मधले वेळ चोरून केलेले, आणि गावची प्रत्येक बाई तिची संभाव्य स्पर्धक. ती कोणत्या दाराला कडी घालणार? शिवाय श्रेणीची सभा भरायची ती चव्हाट्यावर, आणि अर्थशास्त्राने जिच्या चेहऱ्यावर दिवा पडू नये म्हणून काळजी वाहिली ती त्या सभेत बसणार कशी? विणकराच्या स्वतःच्या घरातही कांडी भरणारी बायको श्रेणीच्या वाटणीत कोठेच नव्हती, ही गोष्ट बृहस्पतीच्या त्या सुरेख एक-दोन-तीन-चारच्या बाजूला मांडून ठेवण्यासारखी आहे.

गिरण्या आल्या तेव्हा प्रथम कोणाचा घास गेला असेल तर तो हिचाच. विणकर यंत्राच्या कापडापुढे हटत हटत का होईना, गिरणीचे सूत घेऊन मागावर टिकून राहिला; चरखा माळ्यावर गेला. १९०४ साली सरकारने सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला आणि १९१२ च्या कायद्याने पतपेढीखेरीज इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही, म्हणजे विणकरांच्या संस्थांनाही, वाट मोकळी झाली. योगायोग असा की त्याच १९०४ साली इचलकरंजीला विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. नव्या कायद्याने जुन्या श्रेणीला कागदोपत्री पुनर्जन्म दिला खरा, पण तोही विणकरांचा. सूत गिरणीचेच राहिले. गांधीजींच्या आश्रमात प्रथम माग आले आणि चरखा पुष्कळ नंतर आला, हे कोणी सहसा ध्यानात घेत नाही. त्यांनीच आत्मचरित्रात सांगितले आहे की गिरणीचे स्वदेशी सूत विणून आपण कातगिरण्यांचे बिनपगारी आडते होऊन बसलो आहोत हे त्यांच्या लक्षात आले, चरखा कोठे दिसेना, आणि अखेर गंगाबेन मजमुदार या धीट बाईने पुष्कळ भटकंती करून बडोदे संस्थानातील विजापूर गावी तो शोधून काढला. तेथील बायकांनी पेळू मिळाले आणि सूत विकत घेतले जाणार असेल तर माळ्यावरचे चरखे खाली काढू, असे कबूल केले.

१९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याला जो अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला, तो मला या दृष्टीने इतिहासातील एक वळण वाटतो. त्याच्या नावात प्रथमच माग नव्हता, चरखा होता. वर्गणीही पैशांत न घेता सुतात घ्यायची ठरली: ‘अ’ वर्गाच्या सभासदाने दरमहा १,००० वार स्वतः कातलेले सूत द्यायचे. वरच्या हिशेबाने हे अडीच-तीन तासांचे काम, आणि या गतीने एका लुगड्याचे सूत पुरे व्हायला पावणेतीन वर्षे लागतील, अशी थट्टा कोणाला सुचली तर ती अगदीच अन्यायाची नाही. त्याहून गंभीर आक्षेप असा, की पहिल्या कारभारी मंडळात गांधीजी, जमनालाल बजाज, राजेंद्रप्रसाद, जवाहरलाल नेहरू, शंकरलाल बँकर अशी मोठी नावे आहेत, पण पोटासाठी कातणारी एकही बाई नाही. मंदसोरची श्रेणी विणकरांची होती; चरखा संघ कातणारीसाठी होता, तिचा नव्हता. सभासद व्हायला सूत द्यावे लागे, आणि जिला सूत विकून मीठ-मिरची घ्यायची ती ते फुकट देणार कोठून?

तरीही संघाने तिच्या मजुरीचा जो विचार केला, तो तिच्या बाजूने कौटिल्यानंतर कोणी केला नव्हता. खादी स्वस्त व्हावी म्हणून पहिली दहा वर्षे कातणारीला दिवसाकाठी एखाद-दुसरा आणाच पडत असे. १९३५ साली गांधीजींनी हा व्यवहार उलटा करावा असा आग्रह धरला: आठ तासांच्या चांगल्या कामाला आठ आणे मिळालेच पाहिजेत, मग खादी महाग झाली तरी चालेल. खादी भांडारांचे व्यवस्थापक हवालदिल झाले, गिऱ्हाईक तुटेल म्हणू लागले, आणि घासाघीस होऊन जो दर प्रत्यक्षात आला तो आठ आण्यांच्या निम्म्याहूनही कमी निघाला. पण ‘निर्वाह-मजुरी’ हा शब्द चातीशी त्या वर्षी जोडला गेला. त्याच धोरणात आणखी एक कलम आले. ज्या बाया दिवसभर सूत काढीत त्या स्वतः मात्र गिरणीचे स्वस्त लुगडे नेसत, कारण आपल्या सुताचे कापड त्यांना परवडत नव्हते. म्हणून त्यांच्या वाढलेल्या मजुरीतून थोडा थोडा भाग संघाने वळता करून ठेवावा आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना खादी द्यावी असे ठरले. काही बायांनी यावर कुरकूर केली. हातात रोकड हवी होती. नाशिकच्या डोंगरावर वीस भिक्षूंच्या वस्त्राचा हिशेब विणकरांच्या वहीत मांडला गेला होता, त्याला तेव्हा अठराशेहून अधिक वर्षे होऊन गेली होती, आणि सूत काढणारीच्या लुगड्याचा रकाना खादीच्या वहीत आता कुठे उघडला होता, तोही तिच्याच मजुरीतून कापून घेतलेल्या पैशांवर.